शशीताईंनी दवाखाना बंद केला

मानसोपचार करणारी बाई शांत, सोशिक आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी असणार, असं लोकांना वाटतं. शशीताई आगट्यांच्या शेजारच्या खोलीत मी आठ-नऊ वर्षं हेच काम केलं. त्यांच्याकडे येणाऱ्यांशी त्या कशा वागत ते दाराआडचं. दाराबाहेर त्यांनी माझा जितका अंत पाहिला तितका माझ्या सासूबाईंनीही पाहिला नाही.

झाशीत दतिया गेटजवळ, कापडाच्या एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. रस्त्याकडची त्यांची, मागची माझी. आगटे घराणं इथलं फार जुनं. पेशव्यांच्या कुठल्याशा कारभाऱ्याबरोबर आले आणि इथलेच झाले. मी रेल्वेवाल्यांची मुलगी, बाबा भुसावळहून बदलीवर आलेले. माझ्या मराठीत निम्मी हिंदी. मी ‘अलमारी’ म्हटलं की त्या शांतपणे ‘फडताळ’ म्हणायच्या आणि पुढे बोलू लागायच्या. चूक दाखवल्यासारखं काही नाही, पण फडताळ हा शब्द माझ्या तोंडून निघेपर्यंत त्यांना किल्ली कुठे आहे हे ऐकू जायचं नाही.

‘पेशंट’ हा शब्दही त्यांना चालत नसे. ‘आपल्याकडे येतात ते येणारे,’ असं त्या म्हणत. मी म्हणायचे, शशीताई, येणारे तर दूधवाला आणि वीजबिलवालाही असतात. ‘तेही येणारेच,’ म्हणायच्या. ‘फक्त ते लवकर जातात.’

आमच्या गावात असल्या ठिकाणी कोणी एकटं येत नाही. सुनेबरोबर सासू येते, दीर येतो, कधी शेजारीणही येते. शशीताई या सगळ्यांना दाराबाहेर काढायच्या. एकदा एक निवृत्त फौजदार, इथल्या भाषेत दरोगाजी, आपल्या सुनेला घेऊन आले आणि स्वतःच आधी खुर्चीत बसले. म्हणाले, ‘हमसे क्या छुपाना, घर की बात है.’ शशीताई म्हणाल्या, ‘घर की बात है, इसीलिए घर वाले बाहर बैठेंगे.’ ते उठेनात. शशीताईही उठेनात. सून खाली मान घालून दोघांच्या मध्ये उभी. शेवटी दरोगाजी बाहेर आले ते माझ्या खोलीत. पुढे ती सून वर्षभर येत होती, आणि वर्षभर दर आठवड्याला त्यांना चहा देऊन त्यांच्या नोकरीतल्या हकीकती ऐकण्याचं काम माझ्याकडे आलं. शशीताईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘त्यांनाही कोणीतरी ऐकायला हवंच होतं.’

पण खरं वैतागायला सुरुवात झाली ती कूलरवरून.

मे महिन्यातली झाशी ज्यांनी सोसली आहे त्यांना मी काय सांगणार. दुपारी खिडकीच्या गजाला हात लावता येत नाही. त्या वर्षी शशीताईंनी आपल्या खोलीतला कूलर बंद करून टाकला. ‘आवाज होतो,’ एवढंच कारण. येणारे घामाने निथळत बाहेर पडायचे, आणि रडून डोळे लाल झालेत की उकाड्याने हे कळायचं नाही. मी भांडले. मेकॅनिक आणून कूलरला तेलपाणी करून घेतलं. त्यांनी तो मेकॅनिकसमोर चालू केला, छान झालाय म्हणून त्याचं कौतुक केलं, आणि तो जिना उतरताच बंद केला. पुढे पंखाही बंद झाला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली, इतकी की गुडघ्याला गुडघा लागेल. मला वाटलं, वयाबरोबर माणूस हट्टी होतं, त्यातलं हे.

जूनच्या अखेरीस एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. नुकतीच कुसुम जिना उतरून गेली होती. कुसुम हे नाव मी दिलेलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि जेवढी परवानगी आहे तेवढंच. तिशीतली बाई, कित्येक महिने येत होती. एका गोष्टीच्या जवळ यायची आणि परत फिरायची, एवढं मला माहीत होतं, कारण तिच्याविषयी शशीताई माझा सल्ला घेत असत.

‘ती आज बोलली,’ शशीताई म्हणाल्या.

‘मग चांगलं झालं.’

‘मला ऐकू आलं नाही.’

मला आधी अर्थच लागला नाही. त्या पदराने मान पुसत बसल्या होत्या. मग सांगू लागल्या. कुसुम भिंतीकडे तोंड करून, अगदी कुजबुजत बोलली. ओठही दिसले नाहीत. खाली ई-रिक्षांचे भोंगे चालले होते. वर्षभर कान हळूहळू जात होते, हे शशीताईंना कळलं होतं. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी दिलेलं यंत्रही लावून झालं होतं. ते यंत्र भोंगा मोठा करायचं, कूलर मोठा करायचं, खालचा दुकानदार मीटरच्या पट्टीने टेबलावर टकटक करायचा ती मोठी करायचं. कुजबुज तेवढी होती तिथेच राहायची.

‘मग तुम्ही पुन्हा विचारायचं ना,’ मी म्हटलं.

‘एकदा बोलायलाच तिचा जीव गेला होता. माझ्या कानांसाठी तिने दुसऱ्यांदा का बोलायचं?’

‘मग नुसती मान डोलवायची.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मान डोलवली असती तर तिला काय वाटलं असतं? की हे ऐकूनसुद्धा समोरचं माणूस नुसती मान डोलवतं.’

त्यांनी कुसुमला खरं सांगितलं होतं. ‘कुसुम जी, आपने जो कहा, मैं सुन नहीं पाई. मेरे कान जा रहे हैं. आपकी आवाज़ में कोई कमी नहीं थी.’ कुसुम पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन गेली.

‘मी बंद करते आहे,’ शशीताई म्हणाल्या.

घरी सांगितलं तर माझा नवरा म्हणाला, अरे, त्यात काय, लोकांना ज़रा ज़ोर से बोलायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी मी ते त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘मोठ्याने बोलायचं तर घर काय वाईट आहे? तिथेही सगळे मोठ्यानेच बोलतात.’

मला वाटलं होतं महिनाभरात आवरेल. दारावर पाटी लावायची, सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवायचा. मी निरोप तयारही केला, चांगला नम्र, हिंदीतून. त्यांनी चष्मा लावून वाचला. ‘आपलं दुकान आहे का?’ एवढंच म्हणाल्या. प्रत्येकाला समोर बसवून सांगायचं ठरलं. तेही वेळ संपताना नाही, सुरुवातीला; म्हणजे ऐकणाऱ्याला तिथेच बसून चिडता यावं. नवीन कोणाला घ्यायचं नाही. आणि बंद कधी करायचं? तर होळीनंतर.

‘होळी?’ मी म्हटलं. ‘आत्ता पाऊसपण नाही आला.’

‘लोक इथे येऊन किती दिवसांनी उघडतात ते तू बघतेस. बंद व्हायला त्यांना वेळ नको?’

त्या नऊ महिन्यांत मी जितकी चिडले तितकी आयुष्यात चिडले नसेन. येणं थांबवलेल्या जुन्या लोकांनाही कळवायचं होतं, न जाणो कोणाला एकदा भेटायचं असलं तर. शशीताईंना फोनवर काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून फोन मी करायचे. पण दुसऱ्या कोणी उचलला तर आपण कुठून बोलतोय ते सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद. एका गृहस्थांच्या बायकोने उचलला. मी म्हटलं, रॉंग नंबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिनेच उचलला. तिसऱ्यांदा तिने माझी अशी काही खरडपट्टी काढली की बुंदेलीतले काही शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. शशीताईंना सांगितलं. ‘म्हणजे त्याने घरी सांगितलेलं नाही,’ म्हणाल्या. ‘बरं झालं तू बोलली नाहीस.’ माझ्या इज्जतीचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

मग येणाऱ्यांच्या टिपणांचे कागद. अलीकडचे कागद काही वर्षं कुलुपात ठेवायचे होते, ते माझ्या फडताळात गेले. जुने नष्ट करायचे होते. मी कागद कापायचं यंत्र मागवलं. त्यातून बाहेर पडलेल्या पट्ट्या शशीताईंनी खिडकीशी धरून पाहिल्या.

‘या जोडता येतात.’

‘कोण जोडणार, शशीताई?’

‘ज्याला वेळ आहे तो. झाशीत वेळ पुष्कळ आहे.’

म्हणून आम्ही त्या पट्ट्या बादल्यांत भिजत घातल्या. दोन दिवस भिजल्या की बाह्या वर करून मळायच्या, शाई सुटून लगदा होईपर्यंत. मानसशास्त्रातली एम.ए. मी, बाथरूममध्ये स्टुलावर बसून लोकांच्या दुःखाची कणीक मळत होते. गोळे गच्चीवर वाळत घातले तर माकडं आली. एकाने गोळा उचलला, चाखला आणि शेजारच्या गच्चीत फेकून दिला. मी आरडाओरडा केला. शशीताई हसल्या. ‘त्याने वाचला नाही ना? मग असू दे.’

इथल्या मराठी मंडळींनी सत्कार करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. शशीताईंनी हात जोडून नकार दिला. सगळ्यांना वाटलं, किती ताठा. मलाही वाटलं. नंतर म्हणाल्या, ‘माझ्याकडे येणारं कोणी प्रेमाने तिथे आलं असतं, आणि शेजारच्याने विचारलं असतं, तुमची यांची ओळख कशी?’ हे त्या मंडळींना का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. ‘सांगितलं असतं तर ते हॉलभर बघत बसले असते.’

सगळ्यात जास्त मला लागलं ते वेगळंच. मी धरून चालले होते की त्यांच्याकडचे लोक माझ्याकडे येणार. शेजारचीच खोली, आणि इतकी वर्षं मला त्यांनीच शिकवलेलं. त्या मात्र प्रत्येकाला विचारत होत्या, आपको कहाँ ठीक लगेगा? ग्वाल्हेरचं नाव सांगायच्या, इथल्या एका डॉक्टरांचं सांगायच्या, कुठेच जायचं नसेल तर तेही चालेल म्हणायच्या. त्यात माझं नाव आपलं एक.

मी विचारलं, ‘माझ्यावर भरवसा नाही का?’

‘आहे. पण माणसं आहेत ती. खोलीबरोबर देऊन टाकायला काय खुर्च्या आहेत?’

एकेकाने ग्वाल्हेर निवडलं तेव्हा प्रत्येक वेळी मी त्यांच्याकडे बघायचे. एक शब्द माझ्या बाजूने टाकतील म्हणून. टाकला नाही.

समथरचे मास्टरजी याच काळातले. निवृत्त शिक्षक, दर गुरुवारी बसने यायचे. त्यांची हकीकत साधी आणि भयंकर होती. लहानपणी थोरला भाऊ घरातून निघाला तो परत आला नाही. पुढे बायको इस्पितळात होती आणि ते औषध आणायला खाली गेले, तेवढ्यात ती गेली. आपली माणसं आपल्याला न सांगता जातात, एवढंच त्यांना आयुष्याबद्दल कळलं होतं. हे सगळं लिहायला त्यांनीच मला मुभा दिली. फक्त म्हणाले, ‘नाम मत लिखना, बिटिया.’

शशीताईंनी त्यांना सांगितलं तेव्हा ते उठले, नमस्कार केला आणि निघून गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शशीताई त्यांच्या वेळेला दार अर्धं उघडं ठेवून खुर्चीत बसून राहायच्या. वाचायच्या नाहीत, विणायच्या नाहीत. समोरची खुर्ची रिकामी. मला नेमकी त्याच वेळी मोठी खोली हवी होती, नवरा-बायकोचं एक जोडपं यायचं, माझ्या खोलीत तिघं मावत नव्हतो.

‘ते येणार नाहीत, शशीताई.’

‘कदाचित नाही येणार.’

‘मग खोली द्या मला.’

‘ती वेळ त्यांची आहे. येणं त्यांचं, न येणंही त्यांचंच.’

मी फोन केला. ‘हम ठीक हैं, बिटिया,’ म्हणाले आणि ठेवून दिला. दिवाळी गेली, थंडी आली. जोडप्याला मी माझ्याच खोलीत कोंबून बसवलं. त्यांचं भांडण मिटायला तेही थोडं कारण झालं असेल. संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी जिन्यावर पावलं वाजली. मास्टरजी मफलर गुंडाळून आले, माझ्याकडे न बघता आत गेले. दार लोटायचंही त्यांना भान नव्हतं. आवाज इतका चढला होता की माझ्या खोलीत अक्षर न् अक्षर आलं.

‘काए दीदी जी, जब जाना ही था तो हमें बिठाया क्यों? इतने दिन बुलवाया क्यों?’

‘बोलिए,’ शशीताई म्हणाल्या.

‘क्या बोलें? सब चले जाते हैं. आप भी चल दीं.’

‘हाँ, मैं जा रही हूँ. आपको बताकर जा रही हूँ. होली तक हर गुरुवार मैं यहीं बैठी हूँ. आइए और मुझ पर नाराज़ होइए.’

मी उठून दार ओढून घेतलं.

ते दर गुरुवारी आले आणि दर गुरुवारी चिडले. नंतर नंतर आवाज खाली आला. त्यांना कानांचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण त्यांनी ते तेव्हा ऐकलंच नव्हतं. फाल्गुनात कधीतरी त्यांनी विचारलं, कौन सा कान ज़्यादा खराब है? डावा, असं शशीताईंनी सांगितलं. मास्टरजींनी आपली खुर्ची उचलली आणि उजव्या बाजूला नेऊन ठेवली. हे मला शशीताईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या उठून फडताळातलं काहीतरी शोधायला लागल्या. फडताळ तेव्हा रिकामं होतं.

होळीनंतर ठरल्या दिवशी दवाखाना बंद झाला. त्या दिवशीही काही झालं नाही. शेवटची बाई आपली वेळ पुरी करून गेली, शशीताईंनी तिला जिन्यापर्यंतही पोचवलं नाही, कारण एरवी पोचवत नसत. मी रडत होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि बसून राहिल्या. पाच मिनिटांनी मी म्हटलं, काहीतरी बोला तरी. म्हणाल्या, ‘मी कशाला? तू बोल.’

कुसुमने शेवटी मला निवडलं. त्यासाठी आम्ही तिघी बरेचदा एकत्र बसलो होतो आणि त्यात ती जवळजवळ काहीच बोलली नव्हती. माझ्याकडे येऊ लागल्यावरही पावसाळाभर गप्प होती. मग एक दिवस ती बोलली. ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, कुठेच सांगणार नाही. शशीताईंनाही सांगितलेलं नाही. कुसुम म्हणाली होती, ‘दीदी को कुछ बताना हो तो मैं खुद बताऊँगी.’

त्यानंतर मी शशीताईंच्या घरी गेले तेव्हा माझ्या पोटात ते होतं. त्यांनी पोहे केले. माझ्या मुलीची परीक्षा विचारली, नवऱ्याची कंबर विचारली, खालच्या दुकानदाराच्या सुनेचं बाळंतपण विचारलं. मला सगळं ओरडून सांगावं लागत होतं. कुसुमचं नाव नाही. त्यांना कळलं नसेल असं नव्हतं; माझं तोंड बघून त्यांना काय कळत नसे? शेवटी मला राहवेना.

‘तुम्हाला विचारावंसं वाटत नाही?’

‘काय?’

‘ते. जे तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं नाही ते.’

त्यांनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

‘वाटतं ना,’ म्हणाल्या. ‘रोज वाटतं.’ आणि लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली.

नंतर दिवाळीच्या आधी बडा बाजारात मी पणत्या घेत होते. दुपारची वेळ, चालायला वाट नाही इतकी गर्दी. समोरच्या भांड्यांच्या दुकानात मास्टरजी उभे दिसले, बरोबर त्यांची सून. समथरहून खरेदीला आले असणार. तेवढ्यात गर्दीतून शशीताई आल्या, हातात पिशवी, चाल तीच, कोणासाठीही बाजूला न होणारी.

त्यांची रस्त्यावरची एक रीत होती. येणाऱ्यांपैकी कोणी भेटलं तर त्या ओळख दाखवत नसत. त्या माणसाला चारचौघांत आपली ओळख दाखवायची आहे की नाही हे त्याने ठरवायचं. त्याने नमस्कार केला तर नमस्कार, नाही तर सरळ पुढे. गावात त्यांना घमेंडखोर म्हणत ते यामुळेच. दवाखाना बंद झाला तरी ती रीत सुटली नव्हती. त्यांनी मास्टरजींना पाहिलं, हे मी पाहिलं. नजर जराशी थांबली आणि त्या पुढे निघाल्या.

मास्टरजी हातातला लोटा ठेवून दुकानाच्या पायरीवर आले. ‘दीदी जी,’ म्हणाले. मग मोठ्याने, ‘दीदी जी.’ आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. शशीताईंची पाठ होती. त्या चालत राहिल्या. मला इतका राग आला, कोणाचा ते कळेना; त्या कानांचा, त्या गर्दीचा, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने भर बाजारात हाक मारावी आणि ती अशी वाया जावी, त्याचा. मी पणत्या तिथेच टाकून धावायला निघाले. मास्टरजींनी हात करून मला थांबवलं.

‘रहने दो, बिटिया. बाईं तरफ़ से आवाज़ दी थी हमने.’

सून दुकानातून बाहेर आली होती. ‘कौन थीं, बाबूजी?’

मास्टरजी गर्दीकडे बघत होते. शशीताईंचं पांढरं डोकं वळणापर्यंत दिसलं, मग दिसेनासं झालं.

‘हमें बता के गई थीं,’ ते म्हणाले.